२६/११, करकरे आणि ‘खरा मारेकरी’ : रास्त टीका कुठे संपते आणि कटाची कहाणी कुठे सुरू होते?

सदानंद_गिरगाव

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या पुतण्याने एक चित्रफीत पाठवली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे (एटीएस) प्रमुख हेमंत करकरे यांना २६/११ च्या रात्री कसाबने किंवा त्याच्या साथीदाराने मारलेच नाही, २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या तपासामुळे अडचणीत आलेल्या लोकांनी त्या रात्रीच्या गोंधळात त्यांचा काटा काढला, असा तिचा आशय होता. मी तिथल्या तिथे लिहिले की हे सगळे थोतांड आहे. त्यावर त्याने दिलेले उत्तर चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. ‘काका, २६/११ च्या रात्रीच्या त्रुटींची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीचा अहवाल सरकारने दाबून ठेवला, राजीनामा दिलेले गृहमंत्री वर्षभरात त्याच खुर्चीवर परत आले, हे तुम्ही दर नोव्हेंबरला सांगता. म्हणजे सरकार लपवाछपवी करते हे तुम्हालाही मान्य आहे. मग तुमची ती टीका आणि माझा हा प्रश्न मात्र थोतांड, असे का?’

त्याच्या विचारण्यात उद्धटपणा नव्हता. २००८ साली तो चार वर्षांचा होता. मी चौपाटीपासून पाच मिनिटांवर राहतो आणि तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल अखेरपर्यंत धरून ठेवली त्या जागेवरून रोज सकाळी फिरायला जातो. पण ‘मी जवळ राहतो, मला ठाऊक आहे’ हे काही उत्तर नव्हे. सरकारवर कठोर टीका करणारा माणूस आणि दहशतवादी हल्ल्यामागे गुप्त हात पाहणारा माणूस यांच्यातला फरक नेमका कशाने ठरतो? हल्ल्याचे तपशील जाणणाऱ्यांनी, विशेषतः कायद्याच्या क्षेत्रातल्या सभासदांनी लिहावे, ही विनंती.

अनुराधा_क

प्रश्न फार चांगला मांडला आहे. आमच्या घरी हाच वाद उलट्या दिशेने झाला. आमच्या एका नातेवाइकांच्या मते कसाबच्या मनगटावरचा लाल दोरा आणि हल्लेखोरांकडची हिंदू नावांची ओळखपत्रे हा तेव्हाच्या सरकारनेच रचलेला डाव होता. एकाच हल्ल्याच्या दोन परस्परविरुद्ध कहाण्या दोन वेगवेगळ्या घरांत तितक्याच विश्वासाने सांगितल्या जातात, हे मला फार अस्वस्थ करते.

मृणाल_वकील

आधी नोंदीवर काय आहे ते सांगते. करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघे पोलीस अधिकारी कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत एकाच गाडीत होते. मागच्या भागात बसलेले पोलीस कर्मचारी अरुण जाधव जखमी होऊन वाचले. हल्लेखोरांनी ती गाडी पळवली तेव्हा ते सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली निपचित पडून होते आणि गाडी सुटताच त्यांनी बिनतारी यंत्रणेवरून खबर दिली. त्यांची साक्ष विशेष न्यायालयात झाली आणि बचाव पक्षाने त्यांची उलटतपासणीही घेतली. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने कसाबला दोषी ठरवले; फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबचा दोष कायम ठेवला. याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते. हल्लेखोरांसाठी नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता आणि तो तिन्ही न्यायालयांत टिकला नाही. सरकारने जे सांगितले ते न्यायालयाने डोळे झाकून मान्य केले, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग विचारात घ्यावा.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्यांनी नियंत्रण कक्षातल्या संभाषणाच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागितल्या आणि त्या मिळवण्यासाठी त्यांना बराच झगडा करावा लागला. मदत कधी मागितली, ती का पोहोचली नाही, जखमी अधिकारी रस्त्यावर किती वेळ पडून होते, हे त्यांचे प्रश्न होते. त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावे घेऊन टीका केली आणि ती कोणालाही सुखावणारी नव्हती. पण प्रत्येक प्रश्नाला एखादी वेळ, एखादा संदेश किंवा एखादी नोंद उत्तर म्हणून पुरली असती. नोंदी हाती आल्या तेव्हा त्या जेवढे सांगत होत्या तेवढेच त्यांनी मांडले. आरोप पुराव्याएवढाच ठेवायचा, ही शिस्त मला रास्त टीकेत दिसते.

प्रश्नचिन्ह

मी सदानंदरावांच्या पुतण्याच्या बाजूने लिहितो, कारण या बाजूला लगेच वेडगळ ठरवले जाते. तीन गोष्टी विचारतो. करकरे यांचे बुलेटप्रूफ जाकीट रुग्णालयातून नाहीसे झाले की नाही? त्यांच्या पत्नी कविता करकरे यांनी त्याच्या खरेदीची कागदपत्रे मागितली तेव्हा फाईल सापडत नाही असे उत्तर मिळाले की नाही? आणि मृत्यूच्या काही तास आधी करकरे यांनी काँग्रेस नेते दिग्विजय सिंह यांच्याशी फोनवर बोलताना स्वतःला येणाऱ्या धमक्यांचा उल्लेख केला होता की नाही? असा फोन झाल्याची नोंद नाही असे राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सांगितले होते, आणि जानेवारी २०११ मध्ये दिग्विजय सिंह यांनी नोंदी पत्रकारांसमोर ठेवल्या. इतके योगायोग एकत्र आले तर माणसाने शंकासुद्धा घेऊ नये?

मृणाल_वकील

@प्रश्नचिन्ह, तुमच्या तीनही बाबी गंभीर आहेत, म्हणून त्या एकेक करून पाहू.

जाकीट नाहीसे होणे हा पुरावा जपण्यातला अक्षम्य हलगर्जीपणा आहे. खरेदीची फाईल न सापडणे यातून खरेदीत गैरव्यवहार झाला असावा आणि तो कोणीतरी झाकत असावे अशी शंका येते. ही शंका पूर्णपणे रास्त आहे आणि तिचा पाठपुरावा व्हायला हवा होता. परंतु ती खरी ठरली तरी निकृष्ट जाकीट विकत घेणारा माणूस दोषी ठरेल, गोळी झाडणारा बदलणार नाही. फोनचेही तसेच आहे. तो झाला हे मला मान्य आहे. फोनवर धमक्यांबद्दल बोलणे झाले असेल, हेही घटकाभर मान्य करते. पण धमकी देणारे कोणी त्या गल्लीत हजर होते, हे त्या नोंदीतून कसे सिद्ध होते? तुम्ही खऱ्या विटा आणल्या आहेत, पण त्यांना जोडणारा चुना कुठेच दिसत नाही.

गोळ्यांविषयीही लिहिते, कारण पुढचा मुद्दा तोच येईल. एखादी गोळी कसाबच्या रायफलशी जुळत नसेल, तर त्याचा अर्थ तिसरा मारेकरी होता असा होत नाही. त्या गल्लीत कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल हे दोघेही गोळ्या झाडत होते.

जुनी_बातमीदार

ए. आर. अंतुले यांच्या डिसेंबर २००८ मधल्या विधानाचे वृत्तांकन मी केले होते. करकरे यांना त्या गल्लीकडे कोणी पाठवले, याची चौकशी व्हावी असे ते संसदेच्या आवारात बोलले. ते स्वतः केंद्रीय मंत्री होते. केंद्रीय गृहमंत्री चिदंबरम यांनी सभागृहात निवेदन करून ती शंका फेटाळली, पण तोवर पाकिस्तानातल्या वाहिन्यांना आयती बातमी मिळाली होती. पुढे एक निवृत्त पोलीस अधिकारी, काही संपादक आणि काही पुढारी यांनी तोच धागा वाढवत नेला, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात तो पुन्हा व्यासपीठावर आला. हे मुद्दाम सांगते, कारण कहाणीचे आयुष्य पाहण्यासारखे असते. सोळा वर्षांत तिच्यात एकाही नव्या साक्षीदाराची भर पडली नाही, संशयितांची यादी मात्र वाढत गेली.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती आमच्या व्यवसायाची आणि सरकारची आहे. कसाबला तुरुंगात मटण बिर्याणी मिळते, ही बातमी देशभर किती चघळली गेली ते आठवा. २०१५ मध्ये सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच जाहीरपणे सांगितले की कसाबबद्दल निर्माण होत असलेली सहानुभूती रोखण्यासाठी ती गोष्ट आपण रचली होती. १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईतल्या बाँबस्फोटांच्या दिवशी, मुख्यमंत्री शरद पवार यांनी मस्जिद बंदर या मुस्लिमबहुल वस्तीतही स्फोट झाल्याचे मुद्दाम खोटे सांगितले. दंगल उसळू नये हा त्यांचा हेतू होता आणि पुढे त्यांनी ते स्वतः मान्यही केले. त्या दिवसापुरता तो निर्णय कदाचित योग्य असेल, मला तो अयोग्य म्हणवत नाही. पण ‘अधिकृत माहिती’ या शब्दाची पत अशा प्रसंगांनीच कमी होते, आणि तिची किंमत पंधरा वर्षांनंतर दुसराच कोणीतरी मोजतो.

मोसमकाठ

मी मालेगावचा आहे. हा धागा सकाळपासून वाचतो आहे आणि काही ठिकाणी मला थांबावे लागले.

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर आमच्या बड्या कब्रस्तानात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. अटक झालेले नऊ जण आमच्याच समाजाचे होते, त्यांतले बहुतेक आमच्याच गावातले. शब-ए-बारातच्या दिवशी आपल्याच कब्रस्तानात, आपल्याच मुलांच्या गर्दीत मुसलमान माणूस बॉम्ब ठेवील, हे आम्हाला पटत नव्हते. आम्ही ते बोललो तेव्हा आम्हाला काय म्हटले गेले, ते या धाग्यावरच्या शब्दांत सांगायचे तर ‘कटाच्या कहाण्या रचणारे’. एटीएसने आरोपपत्र दाखल केले होते, कबुलीजबाब होते, बड्या अधिकाऱ्यांच्या पत्रकार परिषदा झाल्या होत्या. पुढे तपास एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला, तिने दुसऱ्याच गटाकडे बोट दाखवले आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्या नऊ जणांना आरोपमुक्त केले. त्यांतला एक जण तोवर हयात नव्हता.

मृणालताई, तुम्ही तीन न्यायालयांचा दाखला दिलात. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांचा खटलाही आठवावा. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी सुनावली गेली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले. एक जण त्याआधीच तुरुंगवासात वारला होता. त्या निकालाला पूर्वदाखला मानू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलेले नाही. दहा वर्षे त्या बारा जणांच्या बाजूने बोलणारा माणूस ‘न्यायालयाने दोषी ठरवले आहे’ या एका वाक्यावर गप्प केला जात होता. त्यामुळे अधिकृत म्हणजे खरे आणि त्याच्या विरुद्ध म्हणजे थोतांड, ही रेषा मला मान्य नाही. ती रेषा आमच्या गावावरून गेली आहे.

सदानंद_गिरगाव

@मोसमकाठ, आपण हे लिहिलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. ‘थोतांड’ हा शब्द मी पुतण्यासाठी वापरला, पण तो आपल्याला कितीदा ऐकावा लागला असेल याचा विचार मी केला नव्हता.

मृणाल_वकील

@मोसमकाठ, मला आपले म्हणणे मान्य आहे. मी न्यायालयांचा दाखला शेवटचा शब्द म्हणून द्यायला नको होता. पुराव्याची उलटतपासणी झाली, एवढेच मला म्हणायचे होते, आणि उलटतपासणी झालेला पुरावाही चुकीचा ठरू शकतो.

तरीही एक विचारते. २००६ मध्ये आपल्या गावाने नेमके काय केले? मला आठवते त्याप्रमाणे आपण कबुलीजबाब कसे घेतले गेले ते विचारले, तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्यावा अशी मागणी केली आणि वर्षानुवर्षे न्यायालयात तारखा लावल्या.

मोसमकाठ

होय, तसेच झाले. त्याहून महत्त्वाचे असे की खरा गुन्हेगार कोण हे आम्ही पहिल्या दिवशी सांगितले नाही, निदान आमच्या वकिलांनी आणि जाणत्या माणसांनी तरी सांगितले नाही. पानाच्या टपरीवर लोक काय वाटेल ते बोलत होते, ते मी नाकारत नाही. पण अर्जात जे लिहिले गेले ते एवढेच होते की या नऊ जणांविरुद्धचा पुरावा उभा राहत नाही, तो पुन्हा तपासा.

आणि मालेगावचाच दुसरा स्फोट सांगतो, म्हणजे मी एकाच बाजूचे बोलतो असे कोणाला वाटणार नाही. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा जण गेले. त्याचा तपास करकरे साहेबांनी केला आणि आमच्या गावात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. ३१ जुलै २०२५ रोजी त्या खटल्यातले सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. आमच्यातल्या कित्येकांना तो निकाल पटलेला नाही, आणि मृतांच्या नातलगांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. पण २००६ च्या वेळी आम्ही पुराव्याची जी कसोटी मागितली होती तीच आता दुसऱ्यांना लागू झाली, हे मनाविरुद्ध का होईना, मला मान्य करावे लागते. करकरे साहेबांना आपल्याच माणसांनी मारले, असे आमच्याकडे अनेक जण मानतात. एकेकाळी मीही मानत होतो. त्यांच्याबद्दलच्या प्रेमापोटीच मानत होतो. साहेबांचा मृत्यू निव्वळ योगायोगाने झाला असे म्हणणे म्हणजे त्यांच्या कामाचा अपमान, असे तेव्हा वाटायचे.

श्रीवर्धनकर

मूळ प्रश्नात ‘गुप्त हात’ हा शब्द आला आहे, म्हणून किनाऱ्यावरची एक गोष्ट लिहितो. १९९३ च्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स आमच्या तालुक्यातल्या शेखाडी येथे उतरले. आतल्या लोकांच्या मदतीशिवाय हे होणे शक्य नाही, असे आमच्याकडची साधी माणसे तेव्हाच म्हणत होती. पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातली माणसे दोषी ठरली. सरकारी माणूस दहशतवादी कटात सामील असू शकतो, हे आम्हाला कोणाकडून ऐकावे लागत नाही, आम्ही ते पाहिले आहे. फरक इतकाच की तिथे कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या रात्री, कोणाकडून पैसे घेतले, हे साक्षीदारांनी सांगितले.

आणि म्हणूनच २६/११ बद्दलचा माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. १९९३ मध्ये समुद्रमार्गे स्फोटके आली होती. त्यानंतर पंधरा वर्षांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून दहा माणसे थेट कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरली. मधल्या पंधरा वर्षांत किनाऱ्याच्या गस्तीवर काय खर्च झाला आणि कोणी काय केले, हा प्रश्न विचारण्यासाठी कोणताही गुप्त हात लागत नाही. गुप्त हाताच्या गोष्टी ऐकल्या की मला वाईट वाटते, कारण त्या गोष्टींत आमची रिकामी चौकी आणि बंद पडलेली गस्तीनौका कुठेच येत नाही. सगळे ठरवूनच झाले असेल तर निष्काळजी माणसाला जाब कोण विचारणार?

अनुराधा_क

श्रीवर्धनकर, तुमचे शेवटचे वाक्य मी आमच्या नातेवाइकांना वाचून दाखवणार आहे.

शिकागोकर

मी २०११ मध्ये इथल्या संघराज्यीय न्यायालयात २६/११ च्या कटाला मदत केल्याचा आरोप असलेल्या तहव्वूर राणाच्या खटल्याचे काही दिवस प्रत्यक्ष ऐकले आहेत. हल्ल्याआधी मुंबईतल्या ठिकाणांची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा सरकारी साक्षीदार होता. हेडली पूर्वी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा खबऱ्या होता, ही नोंदीवरची गोष्ट आहे. अशा माणसाविषयी तक्रारी येऊनही तो भारतात पुनःपुन्हा कसा जाऊ शकला, हा प्रश्न अमेरिकी सरकारला विचारायलाच हवा, आणि इथल्या पत्रकारांनी तो जोरकसपणे विचारला. एवढ्यावरून ‘२६/११ अमेरिकेनेच घडवले’ असे म्हणणारे भारतीय आणि पाकिस्तानी असे दोन्ही मित्र मला इथे भेटतात, आणि त्या एका मुद्द्यावर त्यांचे एकमत असते.

त्या ज्यूरीने राणाला मुंबईच्या कटातून मुक्त केले आणि डेन्मार्कमधल्या कटात व लष्कर-ए-तोयबा या दहशतवादी संघटनेला मदत केल्याबद्दल दोषी ठरवले. तो निकाल मला पटला नाही आणि आजही पटत नाही. पण माझे न पटणे आणि ज्यूरी विकली गेली होती असा आरोप करणे यांत फार अंतर आहे. एप्रिल २०२५ मध्ये राणाला भारताच्या ताब्यात देण्यात आले, त्यामुळे आता निदान काही उत्तरे भारतीय न्यायालयात मिळतील.

प्रश्नचिन्ह

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. मोसमकाठ यांचा प्रतिसाद वाचून मी काही वेळ काहीच लिहिले नाही. फोनची नोंद आणि गोळी झाडणारा माणूस यांच्यामध्ये माझ्याकडे काहीही नाही, हे मी मान्य करतो. ती जागा मी ‘फायदा कोणाला झाला’ या प्रश्नाने भरत होतो. फायदा अनेकांना झाला, पण मृत्यूने ज्याचा फायदा होतो तो प्रत्येक जण मारेकरी नसतो. जाकिटाचा प्रश्न मात्र मी सोडणार नाही.

जुनी_बातमीदार

सोडूही नका. आणि सदानंदराव, तुमच्या पुतण्याची एक बाजू मलाही घ्यावीशी वाटते. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने मेहनतीने काम केले. पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वातल्या उणिवा आणि ठरलेली कार्यपद्धती न पाळणे यांवर तिने स्पष्ट बोट ठेवले. सरकारने २००९ मध्ये विधिमंडळासमोर आधी केवळ कृती अहवाल ठेवला आणि मूळ अहवाल सुरक्षेचे कारण देऊन रोखून धरला. मग तो वृत्तपत्रांतून तुकड्या-तुकड्यांनी फुटला. अहवाल पहिल्याच दिवशी पूर्णपणे लोकांसमोर आला असता तर हल्ल्याच्या रात्रीचे अपयश लोकांना सरळ वाचता आले असते. लपवलेल्या कागदात प्रत्यक्षात नाकर्तेपणा असतो, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिथे कट असल्यासारखे वाटते.

सदानंद_गिरगाव

काल रात्री पुतण्याशी फोनवर तासभर बोललो. गटावरचा ‘थोतांड’ हा शब्द मी मागे घेतला आणि इथले चार प्रतिसाद त्याला वाचून दाखवले. त्याने मला एकच विचारले, ‘काका, उद्या तुमच्यासमोर कोणता कागद आला तर तुम्ही तुमचे मत बदलाल?’ मी म्हणालो की गल्लीत तिसऱ्याच कोणी गोळीबार केल्याचे सांगणारा, उलटतपासणीत टिकणारा एक साक्षीदार आला तर बदलीन. मग तोच प्रश्न मी त्याला केला. तो बराच वेळ गप्प होता आणि शेवटी म्हणाला की अरुण जाधव यांची साक्ष त्याने कधी वाचलेलीच नाही, ती आधी वाचतो.

जाकिटाबाबत मात्र त्याचे मत प्रश्नचिन्ह यांच्यासारखेच आहे, आणि आता माझेही झाले आहे. आम्ही दोघांनी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला आहे. ते जाकीट रुग्णालयात कोणी उतरवून घेतले, कोणाकडे सोपवले आणि ते सापडत नसल्याची खात्यांतर्गत चौकशी का झाली नाही, असे तीन प्रश्न आहेत. मृणालताई, आपण मसुदा पाहाल का?

मृणाल_वकील

अवश्य पाठवा. ‘का झाली नाही’ असे विचारू नका, कारणे सांगणे आपल्यावर बंधनकारक नाही असे उत्तर देऊन ते अर्ज निकाली काढतील. ‘चौकशी झाली असल्यास तिच्या आदेशाची आणि अहवालाची प्रमाणित प्रत द्यावी’ असे लिहा. एका अर्जात एकच विषय ठेवा, मजकूर दीडशे शब्दांत बसवा आणि दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायला विसरू नका. रुग्णालयाकडे वेगळा अर्ज आणि पोलिसांकडे वेगळा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील मी लिहून देईन.